जागच्या जागी

६ जानेवारी

चि. घुबड हीस,

अनेक आशीर्वाद. त्यांतला एक तूर्त राखून ठेवला आहे. का, ते खाली येईल.

फिर्याद अशी. आमच्या बैठकीच्या खोलीतली तिपाई तुझ्या मामीच्या लग्नाआधीपासून खिडकीच्या डाव्या अंगाला, भिंतीपासून वीतभर अंतरावर, कोणाच्या अध्यात ना मध्यात अशी उभी आहे. तू आलीस त्या संध्याकाळी पाय टेकायला हवी म्हणून ती हातभर पुढे ओढलीस. ओढलीस ते ओढलीस, परत ठेवली नाहीस. मग दिवे गेले. मी मेणबत्ती आणायला उठलो आणि आजवर मित्रपक्षात असलेली ती तिपाई माझ्या नडगीवर चालून आली. नडगीने निळा, जांभळा, हिरवा असे रंग यथाक्रम दाखवून आता पिवळा धरला आहे. तू रंगद्रव्यांचीच अभ्यासक, म्हणून मुद्दाम कळवतो.

वर तू हसलीस. "मामा, समोर तर होती," म्हणालीस. समोर होती हाच तर तिचा गुन्हा.

या घराचा कायदा तुला लहानपणापासून पाठ आहे: जिथून घेतली, तिथे ठेवली. हा तुझ्या आजीचा कायदा. तिच्या राज्यात कात्री, किल्ल्या, चपला, पाण्याचं भांडं, सगळं जागच्या जागी. मध्यरात्री कोणी उठवून विचारलं असतं तरी मी डोळे मिटून सुईदोरा काढून दिला असता. ताई, म्हणजे तुझी मातोश्री, याच घरात वाढली, पण तिला हा कायदा कधी लागू झाला नाही. वस्तू हातातून सुटेल ती तिची जागा. तू तिच्यावर गेलीस. मी आईवर गेलो. आणि माझी कन्या माझ्यावर. तिला मुंगी हे नाव आपण उगाच ठेवलेलं नाही. दप्तर खुंटीला, खुर्ची टेबलाखाली, जोडे टाचा भिंतीला लावून. यंदा शाळा संपवते आहे, पण अजून एकदा तरी तिची वस्तू हरवली असेल तर शपथ. संस्कृतच्या शिक्षकाच्या घरात संस्कार म्हणून काही शिल्लक असेल तर तो एवढाच.

तू अंधाऱ्या खोलीत बसून उंदरांच्या डोळ्यांशी काय करतेस, ते मला दोनदा समजावलंस आणि मी दोनदा मान डोलावली. वर्गात असा मान डोलावणारा मुलगा मी पहिल्या दिवशी ओळखतो. तेव्हा पुन्हा एकदा सांग, पण लिहून. फोन करू नकोस. फोनवर अनुस्वार दिसत नाहीत.

तुझा,
जखमी मामा


१७ जानेवारी

प्रिय मामा,

नडगीची माफी मागते. राखून ठेवलेला आशीर्वाद व्याजासकट पाठव.

पण मला तो प्रसंग काही केल्या डोक्यातून जात नाही. दिवे गेले तेव्हा पहिल्यांदा मलाही काही दिसलं नाही. मग हळूहळू खिडकीतून समोरच्या इमारतीचा उजेड आत येऊ लागला. तिपाई दिसली, तिच्यावरची तुझी चष्म्याची पेटी दिसली. मामी तर काड्यापेटीसाठी सरळ स्वयंपाकघरात गेली. तू मात्र भिंतीला तळहात लावून निघालास. मला वाटलं नाटक करतोयस.

माझ्या कामाबद्दल. डोळ्याच्या मागच्या पडद्यात दोन तऱ्हेच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या, त्या दिवसा आणि भर उजेडात काम करतात, रंग त्यांच्यामुळे. आणि दांडीसारख्या उभ्या, त्यांना आम्ही दंडपेशी म्हणतो, त्या अंधुक उजेडात. मी त्या दंडपेशींच्या मागे आहे. एक पेशी घ्यायची, केसाहून बारीक टोकाच्या काचेच्या नळीत अर्धी ओढून धरायची आणि तिच्यातून वाहणारी वीज मोजायची. हे सगळं काळोखात, कारण उजेडात ती पेशी थकून जाते. खोलीतल्या प्रत्येक यंत्राचा लुकलुकणारा दिवा मी काळ्या चिकटपट्टीने बुजवलाय. माझं घड्याळसुद्धा बाहेर खुंटीवर असतं.

आणि मामा, ती पेशी प्रकाशाचा एक कण ओळखते. एक. त्याहून कमी प्रकाश जगात नसतोच. पेशीत रंगद्रव्याचे दहा कोटींच्या आसपास रेणू असतात. त्यांतल्या एकावर एक कण पडला की माझ्या पडद्यावरची रेघ एक छोटीशी उडी घेते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. एवढ्या लहान गोष्टीसाठी बसून राहणं बरं दिसेना.

आता माझं एक काम कर. ढग नसलेल्या संध्याकाळी, पुरता अंधार पडल्यावर, गच्चीवर जा. थोडा थांब, डोळ्यांना वेळ दे आणि किती तारे दिसतात ते मोज. मामीलाही ने.

मुंगीला माझ्याकडून एक टपली.

तुझी,
घुबड


२९ जानेवारी

चि. घुबड,

आशीर्वाद पोचता केला आहे.

प्रथम तात्त्विक मुद्दा. मी भिंतीला हात लावून चाललो याचं तुला आश्चर्य वाटतं. अगं, जिथे दिसत नाही त्यालाच अंधार म्हणतात. आमच्या जुन्या तर्कशास्त्र्यांनी, नैयायिकांनी, ते केव्हाच ठरवून ठेवलं आहे: तम म्हणजे तेजाचा अभाव, बाकी काही नाही. मीमांसक म्हणतात, नाही, अंधार ही स्वतंत्र वस्तू आहे, ती काळी असते आणि सरकते. या वादात विद्यार्थिदशेत माझी दोन वर्षं गेली आणि मी नैयायिकांच्या बाजूने उत्तीर्ण झालो. अंधारात तिपाई दिसते हा तिसरा पक्ष मी तुझ्याकडूनच ऐकतो आहे.

आता तारे. आज्ञेप्रमाणे आम्ही तिघं गच्चीवर गेलो. मागे मोकळं रान आहे, उजेडाचा उपद्रव नाही. मी सात मोजले. खात्रीने सात, आठव्याबद्दल संशय, म्हणून सोडला. तुझ्या मामीला म्हटलं, "तू मोज."

"मोजू? बरे आहात ना?"

"का, अंक येत नाहीत?"

"अहो, हे मोजून संपायचं का? पीठ सांडल्यासारखं आहे सगळं."

मी तिला उपमा आणि अतिशयोक्ती यांतला भेद समजावू लागलो. ती खाली निघून गेली.

हा भेद मी उभी हयात शिकवत आलो आहे. रात्रीच्या वर्णनात कवी आकाशभर असंख्य तारे पसरतात, तेव्हा मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहितो, अतिशयोक्ती. मुलं हसतात. मला वाटायचं, कवींचा खोटेपणा कळला म्हणून हसतात. असो. साक्षीदार म्हणून मुंगीला विचारलं. ती प्रामाणिक मुलगी आहे. डोळे बारीक करून तिने बराच वेळ मोजले आणि म्हणाली, "बाबा, नऊ." माझ्यापेक्षा दोन जास्त, पण वय लहान आहे, नजर तिखट असणार.

तेव्हा दोन विरुद्ध एक. तुझी मामी भावुक आहे, हे सिद्ध झालं.

मुंगीने टपली स्वीकारली असून परतफेड उन्हाळ्यात होईल असा निरोप दिला आहे.

मामा


२१ फेब्रुवारी

प्रिय मामा,

उशीर झाला. काय लिहावं ते ठरत नव्हतं.

कवी खरं बोलत होते. मामीही. तुझ्या गच्चीवरून मला हजारो तारे दिसतील. आईला, समोरच्या दुकानदाराला, तुझ्या वर्गातल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला दिसतील. ती मुलं तुलाच हसत असणार.

तुझं पत्र वाचल्यावर मी आईला फोन केला आणि आजीबद्दल विचारलं. संध्याकाळी बाहेर जायचं झालं तर आजी म्हणायची, "हात धर गं, हरवशील." आई सहा वर्षांची असल्यापासून. रस्त्यात कुठे खड्डा, कुठे पायरी, हे आईने आधी मोठ्याने सांगायचं, असा नियमच होता. आई म्हणाली, "मला वाटायचं, मला शिस्त लावतेय." मग तिने तो नियम स्वतःशीच पुन्हा म्हणून पाहिला. शेवटी म्हणाली, "म्हणजे मी तिला नेत होते."

मामा, त्या घराचा कायदा शिस्तीचा नव्हता. न दिसणाऱ्या माणसाने आपल्या घराला पाहायला शिकवलं होतं. वस्तू जागच्या जागी असल्या की डोळ्यांची गरज नाही. आईला तो लागू झाला नाही, कारण तिला दिसत होतं.

आता नीट सांगते, कारण हेच माझ्या रोजच्या टेबलावरचं काम आहे आणि ते माझ्या घरात निघेल असं मला वाटलं नव्हतं.

दंडपेशीतल्या रंगद्रव्याचे दोन भाग. एक मोठं प्रथिन, त्याला मूठ म्हण. त्या मुठीत धरलेला एक छोटा वाकडा तुकडा, अ जीवनसत्त्वापासून बनलेला. प्रकाशाचा कण पडला की वाकडा तुकडा सरळ होतो, मूठ उघडते आणि पेशीला कळतं की उजेड आला. अंधारात मूठ मिटलेली राहते. किती मिटलेली? एकेक रेणू उजेड नसताना चुकून उघडायला सरासरी कित्येक शतकं लागतात. म्हणून तर पेशीला एक कण ऐकू येतो. बाकीचे कोट्यवधी पूर्ण गप्प असतात.

काही घराण्यांत या मुठीचा एक सांधा जन्मतःच वेगळा असतो. ती पुरती मिटत नाही. काळोखातसुद्धा थोडी उघडी, पेशीला सतत सांगत राहते, उजेड आहे, उजेड आहे. पेशी बिचारी त्यावर विश्वास ठेवते आणि जसं आपण उन्हात डोळे बारीक करतो तसं स्वतःला बोथट करून घेते. मग खरा अंधुक उजेड येतो तेव्हा तिला काही जाणवत नाही.

म्हणजे तुझ्या डोळ्यांत अंधार नाहीये, मामा. असलाच माझा अंदाज बरोबर, तर तुझ्या डोळ्यांत एक दिवा जन्मापासून जळतोय. तो विझत नाही, म्हणून बाहेरचा दिसत नाही.

आणि नैयायिकांना कळव, दंडपेशीत वीज अंधारात वाहते. उजेड पडला की ती थांबते. आम्ही त्या प्रवाहाला अंधारप्रवाहच म्हणतो. पेशीच्या लेखी अंधार हीच चालू गोष्ट आहे आणि उजेड हा तिच्यातला खंड.

थट्टा पुरे. या प्रकारांत दोन जाती आहेत. एक जन्मभर आहे तशीच राहते, दिवसाच्या नजरेला धक्का लागत नाही. दुसरीत पेशी हळूहळू मरतात आणि पुढे दिवसाचंही जातं. आजी लवकर गेली, म्हणून तिच्यावरून काही ठरत नाही. तपासणी करून घे. या महिन्यात. हे मी भाची म्हणून सांगत नाही.

घुबड


२५ मार्च

चि. घुबड,

तपासणी झाली. आधी निकाल सांगतो, कारण तू पत्र मधूनच वाचायला लागशील: जागच्या जागी राहणारी जात. पडदा स्वच्छ, शंकुपेशी उत्तम, दंडपेशी मौनव्रतात. रक्तही पाठवलं होतं. त्या प्रथिनाच्या लांबलचक संहितेत एका ठिकाणी एक अक्षर वेगळं आहे. डॉक्टरीणबाई "दोष" म्हणाल्या. मी म्हटलं, "बाई, आम्ही याला पाठभेद म्हणतो. मूळ पोथी कुठली, हे कळल्याशिवाय चूक कोणाची ते ठरवू नये." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि लिहिणं चालू ठेवलं.

परीक्षेचा प्रकार वर्णन करण्यासारखा आहे. एका काळ्या कोठडीत मला बसवून ठेवलं. मग म्हणाल्या, "दिवा दिसला की हातातलं बटण दाबा."

बसलो. काही वेळाने आवाज आला, "दिसतोय?"

"नाही."

"आता?"

"नाही."

"आता?"

"बाई, आपण दिवा खरंच लावला आहे ना?"

त्या म्हणाल्या, "मला खोलीचा दरवाजा दिसतोय त्या उजेडात."

घुबडे, मी त्या दरवाजाच्या दिशेने तोंड करून बसलो होतो, आणि तो नव्हता. एका खोलीत दोन माणसं, एकीच्या पुढ्यात दरवाजा, दुसऱ्याच्या पुढ्यात काहीच नाही. मी साठीकडे निघालेला माणूस. इतकी वर्षं मला वाटत होतं की रात्र सगळ्यांना सारखीच वाटलेली असते. जग अर्धं झाकलेलं आहे आणि झाकण माझ्याच बाजूला आहे, हे कळायला एका तिपाईने नडगी फोडावी लागली.

येताना तुझ्या मामीला विचारलं, "तुला रात्री नक्की काय काय दिसतं?" ती रिक्षात बसून सांगत गेली. झाडाची पानं वेगळी वेगळी दिसतात. कुत्रा झोपलाय की बसलाय ते कळतं. चांदण्यात माझा चेहरा दिसतो. मी विचारलं, कसा दिसतो? म्हणाली, "दिवसापेक्षा बरा."

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एकेक रेणू शतकानुशतकं मूठ न उघडता बसतो, हे वाचून चष्मा पुसला. पहिली अप्सरा दिसताच तप ढळू देणाऱ्या आमच्या तपस्व्यांची मला लाज वाटली. त्यांची वर्णनं मी किती भक्तीने शिकवत आलो, आणि खरी तपश्चर्या प्रत्येक म्हशीच्या डोळ्यात चालली आहे. माझ्या डोळ्यातले तेवढे चंचल निघाले. मीमांसकांचं म्हणणं मान्य केलं आहे. अंधार ही वस्तू आहे, ती वाहते, आणि माझ्याकडे तिचा तुटवडा आहे. दोन वर्षांचा अभ्यास गेला, पण हरावं तर असं.

दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावरचं "अतिशयोक्ती" पुसलं आणि "स्वभावोक्ती" लिहिलं, म्हणजे जसं आहे तसं वर्णन. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "सर, कालपर्यंत तर..." मी म्हटलं, "कालपर्यंत माझी पोथी अशुद्ध होती."

मुंगीला प्रवेशपरीक्षेवर परगावच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. जुलैत जाईल. वसतिगृहात एका खोलीत तिघी. तिने आत्ताच कपाटाचे कप्पे ठरवले आहेत.

तुझा,
मामा


४ मे

प्रिय मामा,

पाठभेद हा शब्द मी इथे सगळ्यांना शिकवलाय. आमचे प्रमुख आता तो वापरतात, चुकीच्या उच्चारात.

तुला एक गोष्ट सांगायची आहे. इथे कोणाला सांगितली तरी त्यांना तिच्यात मामा दिसणार नाही.

आमच्याकडे तुझ्यासारख्याच पाठभेदाचे उंदीर आहेत. त्यांच्या दंडपेशींत पुरत्या न मिटणाऱ्या मुठी आहेत, आणि त्यांतल्या काही रिकाम्या असतात, आत वाकडा तुकडाच नाही. या रिकाम्या मुठी सगळ्यात जास्त गलका करतात. आम्ही एक बदललेला तुकडा बनवून घेतला. मुठीत नेमका बसतो, पण त्याचं वाकडेपण कुलूपबंद केलंय. कितीही उजेड पाडा, तो सरळ होतच नाही. पाहण्याच्या कामाला ठार निरुपयोगी. माझा अंदाज होता की काही फरक पडणार नाही, किंवा पेशी आणखी मठ्ठ होईल. ज्यांना उजेड टिपताच येत नाही असे रेणू भरून दिसणं सुधारेल कसं?

तुकडा दिला. वाट पाहिली. मग त्याच अंधुक चमका दाखवल्या, ज्यांना ती पेशी सकाळपासून दाद देत नव्हती. पहिली. दुसरी. तिसऱ्या चमकेला रेघ हलली.

शेजारी बसलेली तंत्रज्ञ म्हणाली, "यंत्र हललं का?"

"नाही."

"मग?"

"दिसलं तिला."

"पुन्हा दाखव."

पुन्हा दाखवलं. पुन्हा हलली. छोटीशी, पण हलली. आम्ही दोघी काळोखात, एकमेकींचा चेहरा दिसत नसताना, हसत होतो हे आवाजावरून कळलं.

स्वतः काहीही न पाहणारा रेणू रिकाम्या मुठीत जाऊन बसला आणि तिला मिटवलं. खोटा उजेड कमी झाला. तेवढ्या शांततेत बाकीच्यांना खरा ऐकू आला. मामा, मी देवबिव मानत नाही, तुला माहीतच आहे. पण त्या संध्याकाळी मी बस सोडून घरी चालत गेले.

हे औषध नाही. उंदराच्या एका पेशीत, काचेच्या नळीत, तासाभरापुरतं. कोणाला दिलं तर काय होईल, कोणाला माहीत नाही. खोटी आशा द्यायची नाही म्हणून लिहिते.

आता दुसरं. मी हे फेब्रुवारीतच लिहायला हवं होतं. मुंगीने नऊ तारे मोजले. हा पाठभेद आईबापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो, मुलाला मिळण्याची शक्यता अर्धी असते. तिला तपासलंस का? तुझ्या डॉक्टरांना विचारलंस का?

घुबड


२ जून

मामा,

पत्र पोचलं ना? मामी फोनवर म्हणाली पोचलं. तू अनुस्वार तपासत बसला असशील तर पुरे कर.

घुबड


११ जून

चि. घुबड,

पत्र पोचलं. दोन्ही पोचली. अनुस्वार एका ठिकाणी राहिला आहे, पण त्याबद्दल तुला माफ केलं.

उत्तराला उशीर का झाला याची मी बरीच कारणं जुळवली होती. शाळेच्या फेरपरीक्षा, उत्तरपत्रिका, एका मुलाने संधी सोडवताना लावलेले दिवे. सगळी खरी आहेत. पण तू ज्या खोलीत काम करतेस तिथे खोटा उजेड चालत नाही, म्हणून ती बाजूला ठेवतो.

फेब्रुवारीच्या पत्रात तू मुंगीला टपली दिली नाहीस. इतक्या वर्षांत तुझं एकही पत्र तिच्या टपलीशिवाय संपलेलं नाही. ते पत्र उलटून मागची बाजू पाहिली, तिथेही नव्हती. म्हणजे मला तेव्हाच कळलं होतं. तू तिचं नाव टाळलंस आणि मी तू टाळलंस हे टाळलं. एका रक्ताची माणसं आपण. डॉक्टरीणबाईंना मी विचारलं होतं, पण दुसऱ्या कोणाचं तरी म्हणून. त्या म्हणाल्या, मुलीला आणा. आणि म्हणाल्या, एकच पाठ दोन माणसांत सारखाच वागेल याची हमी कोणी देत नाही. बापाचं जागच्या जागी राहिलं म्हणून मुलीचं राहीलच असं नाही, बहुधा राहील. हा "बहुधा" मी घरी आणला आणि कोणाला दाखवला नाही.

मनाशी म्हटलं, आधी आपणच पाहू. उगाच पोरीला काळ्या कोठडीत कशाला बसवा. गेल्या आठवड्यात तुझी मामी बाहेर गेली होती. मुंगी मैत्रिणीकडून यायची होती. दिवस मावळला, मी पडदे ओढले, तुझ्या मामीला त्यांतूनही सगळं दिसतं असे पातळ, आणि दिवा लावला नाही. ठरवलं की जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची वाटेत आणून ठेवायची. फक्त हातभर. तू तिपाई ओढली होतीस तेवढीच. ती चुकवून गेली तर प्रश्न मिटला. तिच्या नडगीचा विचार करून खुर्चीला उशी बांधली होती, हेही सांगून टाकतो.

खुर्ची उचलली. तेवढ्यात किल्ली फिरली. ती आत आली. मला ती दिसली नाही, पावलं ऐकू आली. जोडे काढल्याचा, टाचा भिंतीला लागल्याचा आवाज. मग ती सरळ चालत आली, कुठे अडखळणं नाही, चाचपडणं नाही, जणू लख्ख उजेड आहे. मी खुर्ची छातीशी धरून उभा. ठेवायची तर तोच क्षण होता. हात खाली जाईनात.

ती माझ्याजवळून गेली. इतक्या जवळून की तिच्या ओढणीचा वारा माझ्या हाताला लागला. आणि आतल्या खोलीकडे तोंड करून तिने हाक मारली, "बाबा, घरी आहेस का?"

आम्ही दोघं एकाच खोलीत होतो, हातभर अंतरावर, आणि दोघांपैकी कोणालाही दुसरं माणूस दिसत नव्हतं. मी ओ दिली नाही.

मग तिने हात लांब केला, बटण जिथे असतं तिथेच होतं, आणि दिवा लागला. समोर बाप, कवेत खुर्ची, खुर्चीला उशी.

ती दचकली. मग कपाळाला आठ्या घातल्या, अगदी तुझ्या आजीसारख्या, आणि म्हणाली, "बाबा, ती खुर्ची का हलवतोयस? जागेवर ठेव बघू."

मी ठेवली.

रात्री जेवताना ती वसतिगृहातल्या कप्प्यांबद्दल बोलत होती. खोलीतल्या दुसऱ्या दोघी पसारा करणाऱ्या असतील तर त्यांना आपण शिस्त लावू, म्हणाली. तुझी मामी हसली. मीही हसलो.

तुझ्या त्या कुलूपबंद तुकड्याबद्दल मी रोज विचार करतो. स्वतःला काही दिसत नाही, पण जाऊन रिकामी मूठ मिटवतो आणि बाकीच्यांना दिसू लागतं. इतकं थोर काम मला नेमून दिलं असतं तर बरं झालं असतं. मला एक वाक्य बोलायचं आहे, आणि तेवढंही जमत नाही.

माझ्या डोळ्यांची मला काळजी नाही. सात तारे मला पुष्कळ झाले. मुंगीला वाटतं की ती नीटनेटकी आहे. आम्ही सगळ्यांनी तिला हेच सांगत वाढवलं. या घरात तिला सगळं दिसतं, कारण इथे काही हलत नाही. जुलैत ती अशा ठिकाणी जाणार आहे जिथे कोणीही खुर्ची ओढेल आणि परत ठेवणार नाही. तिथल्या जिन्याला किती पायऱ्या आहेत ते तिला ठाऊक नाही. तिला हे सांगायला हवं, तपासायला न्यायला हवं, आणि "बहुधा" चुकीचं निघालं तर तिच्याजवळ बसायला हवं. मला भीती वाटते. तू ये.

मामा